कॅमचे टायमिंग आणि इंजिनाचे कॉम्प्रेशन: मोजावे कसे, जुळवावे कसे

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वाळपईच्या एका बागायतदाराची मोटरसायकल माझ्याकडे फोंड्याला आली, तेव्हा तिच्या इंजिनात नवा पिस्टन, नव्या रिंगा आणि नुकतेच घासून बसवलेले व्हॉल्व्ह होते. चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात तिचे टॉप ओव्हरहॉल झाले होते आणि तेव्हापासून गाडीतला जोर गेला होता. सपाट रस्त्यावर ती बऱ्यापैकी वेग घेत असे. पण मागे सुपारीचे पोते बांधून केरीहून चोर्ल्याचा घाट चढायला लागले, की दुसऱ्या गिअरमध्येही तिचा दम सुटत असे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजणाऱ्या गेजने १०५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाखवले. आधीच्या गॅरेजने याच आकड्यावर विसंबून रिंगा पुन्हा एकदा बदलल्या होत्या आणि आकडा तिथेच राहिला होता. हेडच्या बाजूचे गोल झाकण काढून क्रँकच्या टोकावरच्या मॅग्नेटची खूण जुळवली, तर कॅमच्या, म्हणजे क्रँकवरून चेनने फिरून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, स्प्रॉकेटवरची रेघ एक दात चुकलेली दिसली. दात जुळवून पुन्हा किक मारल्या, तेव्हा त्याच रिंगांवर आणि त्याच व्हॉल्व्हवर काटा १४० वर गेला.

कॉम्प्रेशन कमी आले की रिंग गेली किंवा व्हॉल्व्ह बसत नाही, असे निदान करण्याची आपल्याकडे सवय आहे. बहुतेक वेळा ते खरेही निघते. परंतु सिलिंडरमध्ये किती दाब तयार होणार हे केवळ हवा कोठून निसटते यावर ठरत नाही. इनलेट व्हॉल्व्ह नेमका केव्हा बंद होतो, यावरही ते तितकेच ठरते. म्हणून सिलिंडर उघडण्यापूर्वी कॅम तपासावा, आणि कॅम मुद्दाम हलवायचा असेल तर हलवण्यापूर्वी आणि हलवल्यानंतर मोजमाप घ्यावे, एवढ्यासाठी ही पद्धत सविस्तर लिहीत आहे.

दाब कोठून सुरू होतो

माहितीपत्रकात छापलेले संपीडन गुणोत्तर, म्हणजे आपण ज्याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतो, ते केवळ मापांचे गुणोत्तर असते. पिस्टन सर्वांत खाली, म्हणजे बीडीसीला असताना त्याच्या वर जेवढी जागा असते, तिला पिस्टन सर्वांत वर, म्हणजे टीडीसीला असताना उरणाऱ्या जागेने भागले की ते मिळते. या हिशेबात व्हॉल्व्हचा विचारच नाही. प्रत्यक्षात पिस्टन बीडीसीवरून वर निघाला तरी इनलेट व्हॉल्व्ह अजून उघडा असतो आणि तो बंद होईपर्यंत दाब तयार होत नाही. किक मारताना इंजिन सावकाश फिरते, त्यामुळे या मधल्या काळात आलेल्या हवेतली काही हवा पिस्टन परत इनलेटमध्ये ढकलतो. खरे संपीडन व्हॉल्व्ह बसल्या क्षणापासून सुरू होते. त्या क्षणी सिलिंडरमध्ये असलेल्या जागेवरून काढलेल्या गुणोत्तराला गतिमान गुणोत्तर म्हणतात, आणि गेजवरचा काटा या गुणोत्तराच्या मागे जातो, छापील आकड्याच्या नव्हे.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा पल्ला, ९० मिलिमीटर ही जुन्या बुलेट ३५० ची मापे आपल्या परिचयाची आहेत, म्हणून तीच घेतो; मात्र बाकीच्या गोष्टी हिशेबाच्या सोयीसाठी गृहीत धरतो. कनेक्टिंग रॉड १८० मिलिमीटर लांब, छापील गुणोत्तर ८.५, कॅम हेडमध्ये आणि त्याच्या स्प्रॉकेटला ३६ दात. पिस्टनने व्यापलेली जागा सुमारे ३४६ घन सेंटीमीटर होते आणि टीडीसीला वर उरणारी जागा सुमारे ४६ घन सेंटीमीटर. आता इनलेट व्हॉल्व्ह बीडीसीनंतर क्रँकच्या ६० अंशांवर बसत असेल, तर त्या क्षणी पिस्टनला टीडीसीपर्यंत ९० नव्हे, केवळ ७१.८ मिलिमीटर जायचे उरलेले असते. त्यावरून गतिमान गुणोत्तर ७ च्या जवळ येते. तोच व्हॉल्व्ह २० अंश उशिरा, म्हणजे ८० अंशांवर बसला, तर ५८.४ मिलिमीटर उरतात आणि गुणोत्तर ५.९ वर उतरते. २० अंश लवकर, म्हणजे ४० अंशांवर बसला, तर ८१.८ मिलिमीटर उरतात आणि गुणोत्तर ७.८ होते.

गेजवर याचे काय दिसेल याचा ढोबळ अंदाज काढता येतो. गतिमान गुणोत्तराचा १.२ वा घात घ्यावा, त्याला हवेच्या दाबाने म्हणजे १४.७ ने गुणावे आणि उत्तरातून १४.७ वजा करावे. हवा दाबली जाताना तापते, पण त्यातली काही उष्णता थंड भिंतींना जाते. म्हणून येथे पाठ्यपुस्तकातला १.४ हा घात न घेता कमी घेतला आहे. या रीतीने ६० अंशांना सुमारे १३७ पीएसआय, ८० अंशांना सुमारे १०८ आणि ४० अंशांना सुमारे १५९ येतात. वाळपईच्या मोटरसायकलच्या १०५ आणि १४० या आकड्यांचे नवल त्यानंतर राहत नाही.

या हिशेबातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २० अंश उशीर झाला तर गुणोत्तर १.१ ने घटते, पण २० अंश लवकर केले तर ते ०.८ नेच वाढते. बीडीसीजवळ पिस्टन हळू सरकतो आणि तेथून जसजसा वर येतो तसतसा वेग घेतो; त्यामुळे उशिराचा प्रत्येक अंश अधिक महाग पडतो. कॅम किंचित लवकर असलेले इंजिन निभावून नेते, तेवढ्याच उशिराचे इंजिन मात्र चढावर लगेच तक्रार करते.

येथे अंश म्हणजे नेहमी क्रँकचे अंश समजावेत. कॅम क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, त्यामुळे कॅमचा १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश. ३६ दातांच्या स्प्रॉकेटवर एक दात म्हणजे कॅमचे १० अंश आणि क्रँकचे २० अंश होतात. ३२ दातांचे स्प्रॉकेट असेल तर एक दात २२.५ अंशांचा पडतो. "एकच दात तर चुकला आहे" असे कोणी म्हणाले, तर त्याला हा हिशेब दाखवावा.

मग कारखाने व्हॉल्व्ह उशिरा बंद करतातच कशासाठी? वेगात फिरणाऱ्या इंजिनात इनलेटमधून येणाऱ्या हवेला स्वतःचा जोर असतो. पिस्टन वर निघाला तरी ती आत घुसत राहते, आणि व्हॉल्व्ह जरा वेळ उघडा ठेवला तर सिलिंडर अधिक भरतो. म्हणून कॅम उशिरा केलेल्या इंजिनाचा तळचा जोर जातो आणि वरच्या वेगातला काहीसा टिकतो किंवा वाढतोही, तर कॅम लवकर केलेल्या इंजिनाचे याच्या उलट होते. किक मारून घेतलेला आकडा तळचा जोर सांगतो. वरच्या वेगाबद्दल तो फारसे काही सांगत नाही. जपानमध्ये १९९७ साली विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसच्या इंजिनात तर इनलेट व्हॉल्व्ह जाणूनबुजून फार उशिरा बंद केला जातो. दाबण्याचा पल्ला लहान आणि प्रसरणाचा पल्ला मोठा ठेवून इंधन वाचवण्याची ती युक्ती आहे, आणि गेलेला तळचा जोर विजेची मोटर भरून काढते. आपल्या मोटरसायकलला ती मोटर नाही, हे विसरू नये.

आधी आकडा खरा घ्यावा

कॅमविषयी काही ठरवण्यापूर्वी कॉम्प्रेशनचा आकडा विश्वासाचा हवा. इंजिन चालवून गरम करावे. टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना त्याच्या टोकाशी राहणारी मोकळी जागा, थंड इंजिनावर पुस्तकाप्रमाणे आधीच बसवून घेतलेली असावी, कारण फट कमी असेल तर व्हॉल्व्ह उशिरा बसतो, जास्त असेल तर लवकर बसतो आणि आकडा दोन्हीकडे फसवतो. प्लग काढावा, कॉइलचा जोड सोडवावा, इंजेक्शनची गाडी असल्यास इंजेक्टरचाही सोडवावा. थ्रॉटल पूर्ण उघडे धरावे. व्हॅक्यूमवर उचलल्या जाणाऱ्या स्लाइडचा कार्बोरेटर असेल, तर केवळ मूठ फिरवून स्लाइड वर येत नाही. ती हाताने उचलून धरावी लागते किंवा कार्बोरेटर बाजूला करावा लागतो. ही चूक मी अनेकांच्या हातून होताना पाहिली आहे आणि तिच्यापायी चांगल्या रिंगा बदलल्या जातात.

गेजची नळी लांब असेल आणि तिचा उलट हवा रोखणारा वॉल प्लगच्या टोकाशी नसून घड्याळाच्या टोकाशी असेल, तर नळीतली सगळी जागा सिलिंडरच्या जागेत मिळते. शंभर सीसीच्या इंजिनाला एवढी भर फार होते आणि आकडा बराच खाली येतो. म्हणून लहान इंजिनासाठी वॉल प्लगच्याच तोंडाशी असलेला गेज घ्यावा. काटा थांबेपर्यंत, सहसा पाच ते सात वेळा, पूर्ण जोराने किक मारावी. सेल्फने घेत असाल तर बॅटरी पूर्ण चार्ज असावी. अनेक नव्या गाड्यांच्या कॅमवर आपोआप चालणारा डीकॉम्प्रेसर असतो, जो सुरू करतेवेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो. अशा इंजिनाचा आकडा कमीच येणार, आणि तो केवळ त्या गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशीच ताडून पाहावा.

जागेचाही परिणाम होतो. फोंडा, मडगाव किंवा म्हापसा येथे आपण समुद्रसपाटीच्या जवळच असतो, पण सुमारे ८०० मीटर उंचीवर हवेचा दाब ९ टक्क्यांच्या आसपास कमी असतो आणि गेजचा आकडाही जवळपास त्याच प्रमाणात उतरतो. घाटमाथ्यावर घेतलेला आकडा गोव्यातल्या आकड्याशी थेट ताडू नये.

आकडा कमी आलाच, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजावे. आकडा ठळकपणे चढला तर रिंगांचा संशय बळावतो. चढला नाही, तर पुष्कळ जण सरळ व्हॉल्व्हवर येतात, आणि नेमके येथेच एक पाऊल थांबावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. येथे गळतीची चाचणी करावी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणून, क्रँक फिरणार नाही अशी धरून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा १०० पीएसआयवर सोडतात आणि सिलिंडरमध्ये किती टिकते ते दुसऱ्या घड्याळावर पाहतात. ९० टिकली तर गळती १० टक्के झाली, आणि ती चालण्यासारखी आहे. २० टक्क्यांहून अधिक असेल तर हवा सायलेन्सरमधून, कार्बोरेटरमधून की ऑइलच्या तोंडातून येते ते कान लावून ऐकावे. दोष कोणाचा ते हवाच सांगते.

या चाचणीत पिस्टन स्थिर असतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. त्यामुळे कॅम एक दात चुकलेला असला तरी गळती सहसा चांगलीच दिसते. गळती कमी आणि किकचे कॉम्प्रेशनही कमी, ही जोडी समोर आली की हेड खोलू नये, झाकण खोलावे. टायमिंग, झिजलेला इनलेटचा लोब (कॅमवरचा उंचवटा), अडकलेला डीकॉम्प्रेसर किंवा हवेच्या वाटेतला अडथळा, यांपैकीच काहीतरी निघते. पावसाळ्यानंतर अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीच्या एअर फिल्टरमध्ये कुंभारणीने मातीचे घर केलेले मी दोनदा काढले आहे, म्हणून तोही आधी पाहून घ्यावा.

खुणा आणि चेन

खुणा तपासण्याची साधी रीत अशी. मॅग्नेटवरची टी ही खूण केसिंगवरच्या खाचेसमोर आणावी आणि दोन्ही रॉकर (कॅमची उचल व्हॉल्व्हला देणाऱ्या तरफा) हाताने किंचित हलतात याची खात्री करावी. हलत नसतील तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या नव्हे, एक्झॉस्टच्या टीडीसीला आहे, क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावी. मग स्प्रॉकेटवरची रेघ हेडच्या कडेला समांतर आहे का पाहावे. क्रँक नेहमी इंजिन चालते त्याच दिशेने फिरवावी. खूण ओलांडून पुढे गेली तर नुसती मागे आणून थांबू नये; ३० ते ४० अंश मागे जाऊन पुन्हा पुढून यावे, म्हणजे चेनचा ढिलेपणा ओढणाऱ्या बाजूला राहत नाही. चेन ताणून धरणारा टेन्शनर बसवलेला असतानाच पाहावे. तो काढून पाहिलेल्या खुणेला अर्थ नसतो.

रेघ पूर्ण दाताने चुकली असेल तर निदान सोपे आहे. रेघ थोडीशीच हुकलेली असते तेव्हा मात्र विचार करावा लागतो, कारण त्याची दोन कारणे आपल्याकडे नेहमी भेटतात. पहिले म्हणजे ताणलेली चेन. चेनची ओढणारी बाजू लांबली की क्रँक पुढे जाते आणि कॅम मागे रेंगाळतो, म्हणजे कॅम उशिरा होतो. वरच्या उदाहरणातल्या स्प्रॉकेटला पाव इंची पिचची चेन धरली तर त्याची त्रिज्या साधारण ३६ मिलिमीटर येते. चेनची ओढणारी २०० मिलिमीटरची बाजू १ टक्का, म्हणजे २ मिलिमीटर लांबली, तर कॅम ३ अंशांहून थोडा अधिक आणि क्रँकच्या मापाने सुमारे ६ अंश मागे पडतो. या इंजिनात तेवढ्याने १३७ चे १२९ होतात. टेन्शनर ढिली बाजू घट्ट धरतो, त्यामुळे चेन वाजत नाही आणि मालकाला काही कळतही नाही; जोर मात्र हळूहळू जातो. पणजी आणि मडगावच्या स्टँडवर उभ्या राहणाऱ्या पायलटांच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांच्या, गाड्या दिवसभर थांबत-निघत चालतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांत हा दोष मला वरचेवर आढळतो. ऑइल वेळेवर न बदलणे हे त्यामागचे मोठे कारण आहे, कारण चेनच्या पिना त्याच ऑइलवर जगतात.

दुसरे कारण तासलेले हेड. हेड ०.५ मिलिमीटर तासले की कॅम क्रँकच्या तेवढा जवळ येतो, ओढणाऱ्या बाजूची चेन सैल पडते आणि ती सैल भरून निघेपर्यंत कॅम मागे राहतो. आपल्या उदाहरणात हा फरक क्रँकच्या दीड अंशाएवढा होतो. तासल्यामुळे छापील गुणोत्तर वाढते, म्हणून एकूण कॉम्प्रेशन बहुधा घटत नाही, पण अपेक्षेएवढे वाढतही नाही. लेथवरून हेड आणल्यावर "तासूनही फरक नाही" असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

चकती लावून अंश मोजणे

खुणांवर भागत नसेल, किंवा कॅम बदलून पाहायचा असेल, तर अंशांची चकती आणि डायल गेज घ्यावाच लागतो. चकती क्रँकच्या टोकाला घट्ट बसवावी आणि जाड तारेचा काटा केसिंगच्या बोल्टला बांधावा.

सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे खरी टीडीसी शोधणे. ती पिस्टनवर डायल गेज टेकवून सापडत नाही, कारण टीडीसीजवळ पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो. वरच्या इंजिनात टीडीसीच्या १ अंश अलीकडे-पलीकडे पिस्टन ०.०१ मिलिमीटरही हलत नाही, आणि आपल्या डायल गेजची सर्वांत लहान रेघच तेवढी असते. म्हणून थांबा वापरावा. जुन्या प्लगमधली चिनीमाती काढून त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवला की तो तयार होतो. तो प्लगच्या जागी लावून क्रँक हलक्या हाताने एका दिशेला पिस्टन टेकेपर्यंत फिरवावी आणि आकडा लिहावा. मग उलट दिशेला टेकेपर्यंत फिरवून दुसरा लिहावा. एका बाजूला ३८ आणि दुसऱ्या बाजूला ३४ आले, तर काटा २ अंशांनी सरकवून दोन्हीकडे ३६ येतील असे करावे. आता शून्य म्हणजे खरी टीडीसी. फिरवताना व्हॉल्व्ह थांब्यावर आपटणार नाही याकडे लक्ष असावे आणि जोर मुळीच लावू नये. काम झाल्यावर थांबा आठवणीने काढावा.

पुढे डायल गेजची सुई इनलेट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरच्या टोपीवर, व्हॉल्व्हच्या दांडीला समांतर टेकवावी. व्हॉल्व्ह नेमका कोणत्या अंशावर सुटतो किंवा बसतो हे डोळ्यांनी ठरवणे अवघड असते, कारण लोबची सुरुवात आणि शेवट फार मंद उताराचे असतात. म्हणून १ मिलिमीटर उचल झाल्याचा अंश धरतात. जपानी घडणीच्या गाड्यांची अनेक पुस्तके याच उचलीवर अंश देतात. समजा, पुस्तकात इनलेट टीडीसीपूर्वी १० अंशांवर उघडतो आणि बीडीसीनंतर ३५ अंशांवर बंद होतो असे दिले आहे, आणि आपल्याला ४ आणि ४१ मिळाले. उघडणे ६ अंश उशिरा आणि बंद होणेही ६ अंश उशिरा, म्हणजे सबंध कॅमच ६ अंश उशिरा आहे. उघडणे उशिरा आणि बंद होणे लवकर असे दिसले, तर कॅम जागेवर असून टॅपेट ढिले आहे किंवा लोब झिजला आहे. उघडणे लवकर आणि बंद होणे उशिरा असेल, तर टॅपेट घट्ट आहे किंवा कोणीतरी मूळ कॅमऐवजी मोठ्या मुदतीचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा, कॅम बसवला आहे. दोन आकड्यांच्या या ताळ्यावरून जेवढे कळते तेवढे नुसत्या खुणांवरून कधी कळत नाही, म्हणून दोन्ही आकडे घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

१ मिलिमीटरवरचा हा ३५ चा आकडा मात्र गतिमान गुणोत्तराच्या हिशेबात घालू नये. व्हॉल्व्ह पूर्ण बसायला त्यानंतर आणखी बरेच अंश जातात; हिशेबासाठी पूर्ण बसण्याचा अंश हवा.

हलवायचा असेल तर किती

दाताने कॅम हलवणे ही सुधारणा नव्हे. २० अंशांच्या उडीत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांजवळ येतात आणि काही इंजिनांत आपटतातही. जुळवणी करायची ती २ ते ४ अंशांची, आणि त्यासाठी लांबट भोकांचे स्प्रॉकेट किंवा सरकवलेली चावी (स्प्रॉकेट दांड्यावर पक्के धरणारी छोटी पट्टी) वापरतात. बोल्ट स्प्रॉकेटच्या मध्यापासून १२ मिलिमीटरवर असतील, तर क्रँकच्या ४ अंशांसाठी भोक केवळ ०.४ मिलिमीटर सरकवावे लागते. हे कानशीने करण्याचे काम नाही. मिलिंग मशीनवर करून घ्यावे. भोक लांबट झाले की स्प्रॉकेट केवळ बोल्टच्या पकडीवर उभे राहते, म्हणून थ्रेडलॉक लावून पुस्तकातल्या टॉर्कनेच बोल्ट आवळावेत.

आपल्या उदाहरणात ४ अंश लवकर केल्याने गुणोत्तर ६.९८ वरून ७.१७ होते, म्हणजे गेजवर ५ पीएसआयच्या आसपास वाढ दिसेल. आकडा लहान वाटतो, पण चढावर ओझे घेऊन जाणाऱ्या गाडीला तो फरक जाणवतो. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांतल्या चढउताराच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीला मी लवकरच्या बाजूला झुकते माप देतो. सतत हमरस्त्यावर वेगात जाणाऱ्याने मूळ जागेवरच राहावे. लवकर करण्याचा धोका नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून इंजिनात ठोके बसण्याचा. मुळात छापील गुणोत्तर जास्त असेल, पिस्टनवर कार्बन साचला असेल किंवा हेड आधीच तासलेले असेल, तर मोठ्या गिअरमध्ये चढ चढताना किणकिण ऐकू येईल. ती ऐकू आली तर कॅम मागे घ्यावा, आणि तरीही थांबली नाही तर कार्बन काढावा. तशीच गाडी चालवत राहिल्यास पिस्टनच्या कडा आणि रिंगांच्या खाचा फुटतात.

कॅम लवकर केला की इनलेट व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, उशिरा केला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जवळ येतो. ही जागा सर्वांत कमी असते ती टीडीसीच्या सुमारे १० अंश अलीकडे एक्झॉस्टला आणि १० अंश पलीकडे इनलेटला. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची पातळ पोळी तेल लावून ठेवावी, जुने गास्केट घालून हेड आवळावे, टायमिंग जोडून क्रँक हाताने दोन फेरे फिरवावी आणि हेड काढून मातीची जाडी मोजावी. इनलेटला २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटरहून कमी जागा मी कधीही स्वीकारत नाही, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि वेगात स्प्रिंग दगा देते तेव्हा पहिला मार त्यालाच बसतो.

दोन कॅमच्या इंजिनात गेजवरचा आकडा इनलेटचा कॅम ठरवतो. एक्झॉस्टचा कॅम हलवल्याने कॉम्प्रेशनवर थेट परिणाम नगण्य होतो. तो दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ आणि प्रसरणाचा पल्ला बदलतो. एकाच कॅमवर दोन्ही लोब असले की अर्थातच दोन्ही एकत्र सरकतात. बदलत्या टायमिंगच्या गाड्यांत स्प्रॉकेटच्या आत ऑइलच्या दाबावर फिरणारी यंत्रणा असते आणि इंजिन बंद होताना ती कुलूपबंद होते. तेथे हाताने अंश हलवण्याचा प्रश्नच नाही. स्कॅनरवर पी००१६ हा कोड आला तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही असा त्याचा अर्थ, आणि तेव्हा ताणलेली चेन आणि घाण ऑइल हीच पहिली तपासणी असावी.

मालिम जेटीवरच्या ट्रॉलरांच्या आणि नदीतल्या फेरीबोटींच्या डिझेल इंजिनांना हाच नियम लागू पडतो, परंतु परिणाम वेगळा दिसतो. डिझेलमध्ये ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. इनलेट उशिरा बसला की हवा पुरेशी तापत नाही, सकाळी इंजिन सुरू व्हायला वेळ लागतो आणि पांढरा धूर येतो. पंपाचे टायमिंग वेगळे बसवलेले असते, त्यामुळे पंप आणि कॅमचे गिअर दोन्ही तपासल्याशिवाय इंजेक्टरला दोष देऊ नये. मोटरसायकलवर ठिणगीचा पिकअप क्रँकवर असल्याने कॅम हलवला तरी ठिणगी हलत नाही. जुन्या मोटारींत मात्र डिस्ट्रिब्यूटर कॅमवरून फिरतो, तेथे कॅमनंतर ठिणगीही पुन्हा लावून घ्यावी.

सगळे बसवून झाल्यावर प्लग न लावता क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावी. कोठेही अडकल्यासारखे वाटले तर जोर न लावता थांबावे आणि परत उघडावे. दोन फेऱ्यांनंतर खुणा जेथे होत्या तेथेच आल्या पाहिजेत. मग टॅपेट तपासावे, इंजिन गरम करून पहिल्यासारखेच, त्याच गेजने, त्याच उघड्या थ्रॉटलने कॉम्प्रेशन मोजावे आणि दोन्ही आकडे, कॅमचे अंश व किलोमीटर गाडीच्या वहीत लिहून ठेवावेत. वाळपईच्या त्या गाडीच्या पानावर आता १०५ आणि १४० हे दोन आकडे तारखेसह लिहिलेले आहेत. पुढच्या वेळी चेन बदलायला ती आली की तिसरा आकडा त्याखाली पडेल.